सुराचं नाव

निकाल लागला त्या दिवशी बिटको चौकातल्या
झेरॉक्सच्या दुकानात चार वाजेपर्यंत रांग होती.
मी रांगेत नव्हते. पलीकडे रसवंतीच्या बाकावर
ग्लास उगाच फिरवत
कोण कसं बाहेर पडतं ते बघत होते.
सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर
कागद न बघता कळतं,
खांद्यांवरून.

बासष्ट मुलं. अकाउंट्सला बरी, भूगोलाला तर झकास.
इंग्रजीच्या रकान्याशी मात्र बोट अडखळतं.
"सदतीस," यामिनी दोंदे म्हणाली,
"मॅडम, माझ्या सँडलचा नंबरसुद्धा सदतीसच."
आणि हसली. मग हसायची थांबली.
विद्यापीठांच्या यादीत तिने पहिलं दिल्ली लिहिलं होतं,
दुसरं हैदराबाद.
तिसरी ओळ रिकामी ठेवली होती, विश्वासाने.

उतारा होता मेपलच्या पानगळीवर.
एक म्हातारा, एक खिडकी, विझत आलेली शेकोटी.
शेवटचा प्रश्न: लेखकाचा टोन कोणता?
चार पर्याय.
(तो पेपर मी काल रात्री ओट्याशी उभी राहून सोडवला,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
किती चुकले ते सांगत नाही.)

केशर भोये, पेठ तालुक्यातली, वसतिगृहात राहते,
घरी डांगी, वर्गात मराठी, मोबाइलवर हिंदी,
आणि आता हे.
माझ्या शेजारी बाकावर टेकून हळूच म्हणाली,
"मॅडम, त्या म्हाताऱ्याचं आतून काही बरं नव्हतं.
चिडला नव्हता. रडतही नव्हता.
बैल विकून आलेला माणूस बसतो ना,
दोर अजून हातातच असतो,
तसा बसला होता.
सूर कळला मला.
सुराचं नाव नाही आलं."

मी नाव सांगितलं.
तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, स्पेलिंगसकट.
आता उपयोग नाही हे
दोघींनाही माहीत होतं.

प्राचार्यांचं पत्र आलं आहे:
कारणे व उपाययोजना, पाचशे शब्द, इंग्रजीत,
सोमवारपर्यंत.
स्टाफरूममध्ये कारणांना तोटा नाही.
मोबाइल. क्लासवाले. पालक. पाचवीपासूनचा पाया,
जो नेहमी दुसऱ्याच कुणीतरी घातलेला असतो.
मी लिहिलं, द स्टुडंट्स आर वीक,
आणि पेन तिथेच थांबलं.
काय शिकवलं होतं मी केशरला?
पॅसिव्ह करा. डायरेक्टचं इनडायरेक्ट करा.
ही सेड दॅट, ही सेड दॅट.
त्याच्या पुढे कुणी कधी काही म्हटल्याचं
मला आठवत नाही.

यामिनीचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये आहेत.
पालकसभेला ड्यूटीवरून तसेच आले, मागे उभे राहिले.
सगळे गेल्यावर म्हणाले,
"नोटेच्या मागे पंधरा भाषांची पट्टी असते, मॅडम.
कुणी वाचत नाही.
मराठी वरून आठवी. का आठवी, सांगा?
इंग्रजी एबीसीडीने रांग लावलीय.
आसामी पहिली. उर्दू शेवटी."
तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात,
कौतुकही नव्हतं.
त्यालाही काहीतरी शब्द असेल,
चारांपैकी एक.

रात्री दत्तमंदिराच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा शंभराची नोट आधीच काढून ठेवली होती.
उलटी करून दिव्याकडे धरली,
चष्मा वर सारला, बोटाने मोजत गेले,
पाच, सहा, सात.
अक्षरं मुंगीएवढी.
रिक्षावाला आरशातून बघत होता.
"फाटकी आहे का, मॅडम?
असू द्या. सुट्टेच द्या."